जैनबच्या कांडपाची पाटी

लोणंदच्या कांदा बाजारात येणाऱ्या बऱ्याच टेम्पोंची पाठ पीरमहंमद पेंटरने रंगवलेली आहे. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या गेल्या, टेम्पोमागच्या ओळी तेवढ्या त्याच्याकडे राहिल्या. ओळ काढायची त्याची रीत साधी : गिऱ्हाइकाला डिवचायचे आणि ते चिडून पहिले जे बोलेल, ते जसेच्या तसे रंगवायचे. “टेम्पो सासऱ्यानं दिला का रं?” असे विचारल्यावर टेम्पोवाला ज्ञानू उसळला होता. त्याच्या टेम्पोवर आज लिहिलेले आहे : ‘सासऱ्यानं लेक दिली, टेम्पो माझा हाय.’

हाच माणूस बायकोच्या पाटीवर अडला. जैनबने पडवीत मिरची कांडपाचे यंत्र बसवले होते. पलीकडच्या आळीत एक कांडप आधीच जोरात चालू. बायका तिकडच्या इकडे वळायच्या, तर पाटी वाचून थांबल्या पाहिजेत, हे तिने नवऱ्याला बजावले होते. उद्घाटन शुक्रवारी होते; गुरुवारी दुपारीही ‘जैनब मसाला कांडप’ या नावाखालची जागा मोकळीच. पीरमहंमदने ‘घरची चव’ लिहून पुसले. ‘एकदा याल तर’ एवढे लिहून तेही पुसले.

ज्ञानू बघत उभा होता. “वयनीला डिवच की.”

“तुझं काय जातंय? जेवायला मला तिथंच बसायचंय.”

“मग लिव्ह, ‘आपले स्वागत आहे’.”

हे पीरमहंमदला सोसले नाही. तो यंत्राकडे गेला, दारापासून फार आत न जाता म्हणाला, “तुला ह्ये मशीन सांभाळाय जमंल का गं?”

जैनब मिरच्यांची देठे खुडत होती. तिने मानही वर केली नाही. “आवं, वीस वर्षं नवरा सांभाळलाय. मशीन काय अवघड हाय?”

ज्ञानू हसत उंबऱ्यावरच बसला.

“नवऱ्याच्या जागी ‘घर’ लिवतो,” पीरमहंमद म्हणाला.

“लोकांचं असं बदलता व्हय?”

बदलत नव्हता. ब्रश उचलावा लागला.

शुक्रवारी धोंडुबाई पलीकडच्या आळीकडे निघाली होती. नातीने पाटी वाचून दाखवली, तशी ती पिशवीसकट आत वळली. “आदी नवरा दाव.”

जैनबने हाक मारली. पीरमहंमद रंगाचे हात पुसत बाहेर आला. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“बरा ठेवलाय की,” म्हणाली आणि मिरच्या ओतल्या.