खुर्चीवर कोण बसणार, हे कापसाच्या शेतात ठरलं

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पाट्या तेलुगू झाल्या, पण बसमधली भांडणं मराठीतच चालू. तेव्हाच मला आदिलाबाद आवडायला लागलं!

मैत्रिणीची, रूपालीची, शोभामामी सरपंचपदाला उभी होती. जागा बायकांसाठी राखीव. मला प्रचार बघायचा होता. गणपतमामा ऑटोला भोंगा बांधून गावभर फिरत होते, पण ऐकायला फक्त म्हातारे आणि कोंबड्या. सगळ्या बायका कापूस वेचायला गेलेल्या. म्हणून मामीचा प्रचार शेतात. ती प्रत्येकीच्या शेजारची पात (ओळ) धरून वेचत वेचत बोलायची, आणि वेचलेला कापूस त्यांच्याच गाठोड्यात टाकायची. मीही कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली. बोंडांची टोकं बोटांत घुसली, कापसात पाचोळा आला, सगळ्या हसल्या. दुपारी त्यांच्यातलीच भाकर आणि आंबट गोंगुरा (अंबाडीची भाजी), आहाहा.

जेवून परत पाती धरल्या. मामाही बांधावर येऊन उभे राहिले. तेवढ्यात गिरजाबाईंनी विचारलं. त्या म्हणतील तिकडे निम्म्या बायकांची मतं, असं रूपाली सांगत होती.

"निवडून आली तं खुर्चीवर कोन बसन वो? तू का गनपत?"

मामा बांधावरूनच म्हणाले, "आमी दोघं मिळून पाहू ना."

सगळ्यांचे हात थांबले. मामीने मामांकडे पाहिलं, मग गिरजाबाईंकडे.

"मीच बसीन. ह्यायले घरी इचारीन, पंचायतीत नाई."

"मंग वेच," गिरजाबाई म्हणाल्या, आणि हात पुन्हा चालू झाले. घरी जाताना मामांनी भोंगासुद्धा लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मतदान, दुपारी शाळेतच मोजणी. मामी थोडक्यात निवडून आली! लगेच उपसरपंच निवडायला सगळ्या सदस्यांना आत बोलावलं. सवयीने मामाही उठले. मामी दारात हळूच म्हणाली, "तुमी भाईर बसा. चहा सांगा सगळ्यायले."

मामांनी चहा सांगितला.

संध्याकाळी तेच मला ऑटोने बसला सोडायला आले. नाक्यावर कुणीतरी हाक मारली, "काय सरपंच, कुठं?"

"सरपंच पंचायतीत हाये," मामा म्हणाले. "मी पावनीले सोडून राह्यलो."

हे बोलणं त्यांना जरा जड गेलं, मागे बसून मला कळलं. म्हणूनच मामीइतकेच तेही मला आवडले. बस सुटली, पूल मागे पडला, तरी मी एकटीच हसत होते.