बाबांची अळणी पेज

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी आजही आधी सांगते आणि मग पुढचं बोलते. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी एसटीच्या कंडक्टरलाही थांबवून सांगितलं होतं, "माझां चेडू बी.एस्सी. आसा." कंडक्टरने घंटी मारली, एवढाच काय तो सत्कार.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दिवाळी झाली होती आणि आमच्या गावच्या शाळेत तपासणी शिबिर भरलं. जामसंड्याचे एक डॉक्टर आले होते. मी बाबांना ओढून नेलं. "माका काय धाड भरली?" असं पुटपुटत ते बाकावर बसले. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळायला लागले तसे म्हणाले, "डागदरांनू, आंबे पेटयेत घालताना पेंढो गुंडाळतत, तसां काय ह्यां?" डॉक्टर हसले. पण पाऱ्याकडे बघितल्यावर हसायचे थांबले आणि त्यांनी पट्टा परत एकदा फुगवला.

"प्रेशर जास्त आहे," ते मला म्हणाले. "आताच गोळी देत नाही. मीठ कमी करा, विडी सोडा, रोज चाला. दर महिन्याला दाखवायला या. नाही उतरलं तर गोळी सुरू करू."

"डोकां दुखणा नाय, चक्कर येणा नाय. मग दुखणां खंय आसा?" बाबांनी विचारलं.

"तीच तर अडचण आहे. हे कळत नाही, एकदम घात करतं. काम काय करता?"

बाबांनी छाती पुढे काढली. आमची हापूसची कलमं त्यांनी स्वतः बांधलेली, स्वतः शिंपलेली. आंबा काढायला गडी मिळायचे, पण शेंड्याचा आंबा बाबांच्या हातचा. काठीला जाळी लावलेला झेला घेऊन ते फांदीवरून असे जात की खालून बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत.

"मग प्रेशर उतरेपर्यंत झाडावर चढायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना बाबा वाटेतल्या प्रत्येक कलमाकडे मान वर करून बघत आले. चैत्रात आंबा तयार होणार, आणि आपण खाली उभं राहून दुसऱ्याला फांद्या दाखवणार, हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटलं असावं.

घरी मी सूत्रं हातात घेतली. खाऱ्या बांगड्यांची पिशवी माळ्यावर गेली. खारातल्या आंब्यांची बरणी आईने कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. बाबांना मी सोडियम क्लोराइड म्हणजे काय, ते शरीरात पाणी कसं धरून ठेवतं, हे पाटीवर काढून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझां सोडियम तुका ऱ्हांव दी," ते म्हणाले. "माका मीठ दी."

पण मग शहाण्या मुलासारखे वागले. विडी बंद केली. सकाळी उठून मुकाट्याने अळणी पेज घ्यायचे, तीही अर्धी वाटी, आणि "डागदरान चलूक सांगल्यान, मी चलतंय," म्हणून वाडीत फिरायला जायचे. मला माझ्या शिक्षणाचा अभिमान वाटला.

महिन्याने जामसंड्याला गेलो. पारा होता तिथेच.

"घरात मीठ कमी केलंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, मी बी.एस्सी. आहे," मी म्हणाले.

"ते ठीक. पण मीठ कमी केलंय का?"

उत्तर मला चार दिवसांनी विहिरीवर मिळालं. शेजारची काकी कळशी भरता भरता सहज बोलून गेली, "तुझ्या बापाशीक आमच्या खारातले आंबे बरे आवाडतत गो. काल दोन फोडी घेतल्यान. वर भाजलेलो बांगडो."

चौकशी केली तेव्हा सगळा नकाशा कळला. बाबांचं फिरणं पेजेच्या वेळेला आणि पेजेच्या वाटेने चालायचं. एका घरी सुका बांगडा, दुसऱ्या घरी पापड, तिसऱ्या घरी लोणचं. घरी मिठाचा कण नाही, बाहेर मिठागर.

"मी मागूक नाय," बाबा म्हणाले. "नुसतां बघलंय."

त्या संध्याकाळी मी घरोघर गेले. रक्तवाहिन्या समजावल्या, प्रेशरने अर्धं अंग कसं लुळं पडतं ते सांगितलं. सगळ्यांनी चहा दिला, माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांगडा. मी काकीला गाठलं.

"काकी, तुका काल काय सांगलंय मी?"

"सांगलंस गो. पण पेजेच्या वक्ताक दारात इल्ल्या माणसाक बस म्हणूचां नाय? आणि अळणी पेज वाढूक तो काय माझो वैरी आसा?"

तिचंही खरंच होतं. आमच्याकडे पेजेच्या वेळी आलेल्या माणसाला तसंच पाठवणं म्हणजे घराण्याला बट्टा. काकीला हृदय, धमन्या, सगळं पटलं होतं. पण उंबऱ्यावर उभा माणूस आणि चुलीवर पेज, यापुढे धमन्या टिकत नव्हत्या. तिला नाही म्हणायला काहीतरी आधार हवा होता, आणि तो माझ्या पाटीत नव्हता.

आमच्या देवळात काहीही मागायचं तर गाऱ्हाणं घालतात. मानकरी आजोबा देवापुढे मोठ्याने मागणं मांडतात आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. एकदा व्हय म्हटलं की सगळे बांधले गेले. मी आजोबांकडे गेले आणि काय बोलायचं ते सांगितलं.

"गो चेडवा, देवाक मिठाचां सांगूचां?"

"हरवलेली म्हस सांगतास, वाटणीची भांडणां सांगतास. मिठान काय पाप केल्यान?"

आजोबा बराच वेळ मिशीतल्या मिशीत हसले.

बाबांना एवढंच सांगितलं की प्रेशर उतरावं म्हणून देवाला नारळ ठेवूया. ते तर तयारच होते, धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. सोमवारची आरती झाली. वाडी जमलेली होती.

"बा देवा महाराजा, आज ह्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा."

"व्हय महाराजा."

"लेकराच्या रक्ताक जो काय जोर इलेलो आसा, तो उतरव रे महाराजा. तो ह्या वर्साक आपल्या कलमांवर चडूक होयो."

"व्हय महाराजा." यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा.

आजोबांनी श्वास घेतला. "आणि वाडीत जो कोण तेका खारां वाढीत, जो कोण बांगडो भाजून घालीत, तेका तुझी आण आसा रे महाराजा. आणि तो खंय जावन खायत, तर तेकाय तुझी आण."

"व्हय महाराजा."

सवयीने सगळे म्हणाले. बाबाही म्हणाले, तितक्याच मोठ्याने. मग काय कबूल केलं ते एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं आणि मागून काकीचं हसू फुटलं. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहत होते.

त्यानंतरही बाबा फिरायला जात आणि घरोघर पेजही मिळे, पण अळणी. वर ओलं खोबरं, नाहीतर लिंबाची फोड. सोबत म्हणून काकीही तशीच प्यायला लागली. तोंड वाकडं करायची, पण प्यायची. पुढच्या खेपेला पारा थोडा उतरला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. काकीही आमच्याबरोबर जामसंड्याला आली, "नुसती बघूक" म्हणून, आणि पट्टा बांधून घेतला तर तिचंही प्रेशर जास्त निघालं, तिचंही मीठ तुटलं. बाबांना एवढा आनंद मी पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

फाल्गुनाच्या शेवटी डॉक्टरांनी दोनदा तपासलं. "चढा," ते म्हणाले. "पण महिन्याच्या महिन्याला यायचं. काय केलंत तुम्ही एवढं?"

"माझां चेडू बी.एस्सी. आसा," बाबा म्हणाले. देवळाचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं.

पुढे वय झालं तशी गोळी लागलीच, आणि ती त्यांनी कुरकुर न करता घेतली. पण त्या वर्षीच्या चैत्रात ते शेंड्यावर होते. आई खाली उभी राहून, "सांबाळून," एवढंच म्हणत होती. आंब्याची पाटी भरून बाबा उतरले, सावलीत बसले आणि काकीने आणलेल्या पेजेचा घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"अळणी आसा," ते म्हणाले.

"व्हय महाराजा," काकी म्हणाली, आणि स्वतःची वाटी तोंडाला लावली.