बाबांच्या बोर्डिंगचा फोटो

कोकणातल्या एका बोर्डिंगात, म्हणजे आमच्या समाजाच्या मुलग्यांसाठी काढलेल्या वसतिगृहात राहून बाबांनी मॅट्रिक केलं, तेही टाय लावून. ही कथा विक्रोळीच्या आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ होती. आई तेवढी खोडा घालायची. "एक तरी फोटो दाखवा," असं ती म्हणाली की बाबा विषय बदलायचे. फोटो नव्हताच. मला आईचा भयंकर राग यायचा.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलुंडच्या माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक सापडलं. अमेरिकेतल्या काळ्या मुलामुलींसाठी निघालेल्या जुन्या कॉलेजांचे पहिलेवहिले फोटो. सावळे चेहरे, कडक कॉलर, कुणी हसायला तयार नाही. एका फोटोत मागच्या रांगेतला एक जण हलला होता, तोंडाच्या जागी नुसता धुरळा. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पुस्तक घरी न्यायला बंदी होती, म्हणून ते ओढणीखालून बाहेर पडलं.

आई बांगडे साफ करून त्यांना हळद-मीठ चोळत होती. "बाबांच्या बोर्डिंगचा फोटो मिळाला," मी म्हटलं आणि फोटोखालच्या इंग्रजी ओळीवर अंगठा दाबला.

आई वाकली. "तो हललेला ना? हेच असणार. एका जागी कधी उभे राहिलेत?"

तेवढ्यात बाबा पहिल्या पाळीवरून आले. म्हटलं, वाट लागली. त्यांनी चष्मा लावला, माझा अंगठा बाजूला सारला, ओळ वाचली. मग तोच अंगठा उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"मीच तो," ते म्हणाले. "फोटोवाला ओरडत होता, हलू नका म्हणून. पण नाकावर माशी बसली ना."

आईचं लक्ष एव्हाना पुढच्या रांगेवर होतं. तिथे मुली बसल्या होत्या, मांडीवर पुस्तकं घेऊन.

"तुमच्या बोर्डिंगात मुली कधीपासून?"

बाबांचं तोंड उतरलं. मी पुस्तक मिटायला गेले, तर आईने माझा हात धरला. तिला चौथीतून काढून भावंडं सांभाळायला घरी बसवलं होतं. हे मला मावशीकडून कळलेलं, ती स्वतः कधी बोलली नाही.

"राहू दे गं," ती म्हणाली आणि एका मुलीवर बोट टेकवलं. "ही मी."

दुसऱ्या दिवशी पुस्तक गुपचूप परत ठेवताना लायब्ररीतल्या बाईंनी मला पकडलंच. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

"हा हळदीचा डाग कुणी पाडला?"

"फोटोतल्या बाईनं," मी म्हटलं.