वाकळेच्या पलीकडच्या ओळी

जळकोटला हायवेला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे. जत्रेच्या बॅनरवर देवाच्या डोक्यामागं जे तेज दिसतं ना, ते मीच लावतो — दोन क्लिकचं काम. बाबा-महाराजांच्या तळहातातून निघणारे किरणही माझेच. वीस-बावीस वर्षं हा धंदा केल्यावर माणूस कशावर विश्वास ठेवणार? कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी म्हणायचो, "फोटो आणा, भूत टाकून देतो." या ग्रुपवर लोक लिहितात ते अनुभवसुद्धा मी गिऱ्हाईक नसताना करमणूक म्हणून वाचत आलोय.

आता स्वतः लिहितोय. पण आधी मी काय केलं ते सांगावं लागेल. ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच इतके दिवस गप्प होतो...

माझ्या बायकोची, सुनीताची, एक मावशी सास्तूरला असतात. गयामावशी. सुनीताची आई लवकर गेली, त्यामुळं तिचं माहेर म्हणजे मावशीचंच घर. भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, एक शेळी. मावशीचे मालक आणि अकरा वर्षांची मुलगी शालू, दोघंही भूकंपात गेले. तेव्हापासून मावशी एकट्या राहतात आणि लोकांना वाकळा शिवून देतात. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोरा — कडेनं सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. एवढं काम एकटीच्यानं इतक्या लवकर कसं उरकतं, याचं गावातल्या बायकांना नवल वाटायचं.

मी जावई. मावशी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. वाकळ शिवायला पाय लांब पसरून, कापड मांडीखाली दाबून बसावं लागतं. जावयासमोर तसं कोण बसणार? माझ्या गाडीचा आवाज आला की वाकळ गुंडाळून कोपऱ्यात जायची.

आणि मला तर शिवतानाच बघायचं होतं. मी तेव्हा एका परदेशी साइटवर डिझाइन टाकायला लागलो होतो. आपण डिझाइन कॉम्प्युटरवर काढून अपलोड करायचं. जगात कुणाला ते चादरीवर, पडद्यावर, मोबाइलच्या कव्हरवर छापायचं असेल तर त्यानं साइटवरून लायसन्स घ्यायचं. माझे मोर आणि कमळं कुणी विचारत नव्हतं. एकदा मावशीच्या वाकळेच्या एका कोपऱ्याचा फोटो काढून, त्यावरून टाके काढून टाकले... ते लगेच उचललं गेलं. पण तयार वाकळेवरून ओळ कुठून निघाली, कुठं वळली, ते कळायचं नाही.

सुनीताला म्हटलं, मोबाइलवर व्हिडिओ काढ. मावशींनी तिला झाडलंच.

"पाय पसरून बसलेल्या बाईचा कुणी फोटू काढतंय व्हय? उद्या म्हणशील न्हातानाचा काढू!"

सुनीता हसत हसत हे मला सांगत होती. मीही हसलो. आणि त्याच आठवड्यात ऑनलाइन घड्याळ मागवलं.

भिंतीवरचं साधं गोल घड्याळ. बाराच्या आकड्यात बारीक काळं भोक, त्यात कॅमेरा, मागं मेमरी कार्ड. ते मी मावशींना भेट दिलं आणि वाकळ पसरतात त्या खोलीत स्वतःच्या हातानं खिळा ठोकून लावलं. मावशींनी घड्याळाला हळदकुंकू लावलं. शेजारणीला हाक मारून दाखवलं, "जावईबापूंनी आणलंय. पोटच्या पोरानं आणलं नसतं." मी चहा पीत होतो. तो घोट मला अजून आठवतो.

पंधरा दिवसांनी "सेल बदलतो" म्हणून जायचं, कार्ड बदलून आणायचं. दुपारी दुकानाचं शटर निम्मं ओढून, कानात इअरफोन घालून मी ते बघायचो. फक्त टाके बघायचो, असं मी स्वतःला सांगायचो... खोटं आहे. मावशी गुडघ्याला तेल लावतात ते बघितलं. नवऱ्याचा फोटो पुसताना त्याला रागवतात ते बघितलं. आंघोळीहून आलेल्या होत्या तेव्हा मी व्हिडिओ पुढं ढकलला. बंद केला नाही, पुढं ढकलला. पासष्टीची बाई, मला आईसारखी.

शिवताना त्या सारख्या बोलायच्या. एकदा माझी नक्कल केली. माझ्यासारखा आवाज काढून, "मावशी, साखर जरा जास्तच टाका," आणि मग खुदखुदत, "लई गोड खातंय गं हे जावईबापू. आन् घड्याळ बी तसंच, निसतं सेल खायलंय!" बाहेर जाताना दारात थांबून म्हणायच्या, "जाते गं. तासाभरानं येते." एकटी राहणारी माणसं बोलतात स्वतःशी, असं मला वाटलं.

त्या व्हिडिओंतल्या एका वाकळेवरून केलेलं डिझाइन एका चादरीच्या कंपनीनं एक्सक्लुझिव्ह लायसन्सनं घेतलं. म्हणजे सगळे हक्क त्यांचे; मला स्वतःलाही एक प्रत छापता येणार नाही. त्या फॉर्मवर एक चौकोन होता — हे काम पूर्णपणे माझं आहे, यात दुसऱ्या कुणाचाही सहभाग नाही. मी टिक केलं. एक सेकंदही लागला नाही.

त्यानंतर पुढच्या डिझाइनसाठी टाके मोठे करून बघताना एक गोष्ट लक्षात आली. मावशी बसतात त्या बाजूचे टाके उजवीकडं कललेले होते, आणि समोरच्या, पलीकडच्या बाजूचे डावीकडं. जुने फोटो काढून बघितले. प्रत्येक वाकळेत तसंच.

जेवताना सहज सुनीताला विचारलं, "मावशी दोन्ही हातांनी शिवतात का गं?"

"छे! डावखुरी शालू होती. तिला शिकवताना मावशी रडकुंडीला यायची." भाकरी मोडता मोडता ती थांबली. "का हो?"

"काही नाही," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड पहिल्यापासून लावलं. त्या कॅमेऱ्याचं असं होतं की समोर काही हललं तरच रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. दुकानात तपासलं होतं मी. भिंतीवर पाल सरकली तरी चालू व्हायचा. एका दुपारी मावशी बचत गटाच्या मीटिंगला निघाल्या. वाकळ पसरलेली, पलीकडच्या बाजूला पाच ओळी. मोजता येत होत्या. "जाते गं" म्हणाल्या, दार ओढलं, कुलूप लावल्याचा आवाज आला. क्लिप संपली.

पुढची क्लिप मावशी कुलूप काढून आत येतात तिथून. मध्ये सव्वा तास. वाकळेच्या पलीकडं आठ ओळी.

मी परत परत बघितलं. मग बाकीची कार्डं बघितली. मावशी घरात असताना फक्त स्वतःच्या बाजूनं शिवायच्या. पलीकडच्या ओळी, सगळ्याच्या सगळ्या, त्या बाहेर असतानाच वाढल्या होत्या. आणि एका दुपारी दोन क्लिपच्या मध्ये वीस सेकंदांची एक तिसरी क्लिप होती. खोली रिकामी. दार बंद. वाकळेला एक सुरकुती पडलेली होती. ती हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, सपाट होत गेली. बस. आवाज नाही, सावली नाही... काही नाही.

हायवेवर ट्रकचे हॉर्न वाजत होते, बाहेर ऊन होतं. मी उठून निम्मं ओढलेलं शटर पूर्ण वर केलं.

सांगणार कुणाला? सांगायचं तर घड्याळाचंही सांगावं लागणार. पुढच्या वेळी कार्ड आणलं तर त्यात मावशी बाहेर जातायत, परत येतायत, आणि पलीकडची बाजू तशीच्या तशी. दुसरं कार्डही तसंच. त्यातल्या शेवटच्या क्लिपमध्ये मावशी वाकळेसमोर बसल्या होत्या, सुई हातात नव्हती.

"काय चुकलं गं माजं? येईना का गेलीस?"

मी घाबरलो. दुरुस्तीला न्यायचं सांगून घड्याळ उतरवून आणलं. कार्डं फॉरमॅट केली, कॉम्प्युटरवरचे सगळे व्हिडिओ पुसले. वाटलं, पुरावा नाही तर काही घडलंच नाही.

महिन्याभरानं सुनीता सास्तूरहून आली ती काळजीतच. मावशींनी शिवणं सोडलं होतं. लोकांची कापडं परत केली होती, धड जेवत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. "कुणाची तरी वाट बघितल्यासारखी दाराकडं बघत बसते हो," असं म्हणून सुनीता रडायला लागली. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

तिनं आधी एवढंच विचारलं, "कपडे बदलताना?"

"पुढं ढकललं."

"बंद का नाही केलं?"

ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "मावशीला तुम्ही सांगायचं. मी सोबत येईन, पण तोंड उघडणार नाही."

गेलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून पदर सारखा केला. मी खाली मान घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. घड्याळ, कार्ड, चादरीची कंपनी, टिक केलेला चौकोन. पलीकडच्या ओळी. मधे शेळी ओरडत होती, तिला बघायला मावशी उठून गेल्या तर बरं, असलं काहीतरी डोक्यात येत होतं.

मावशींनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ती माज्यासमोर कधी शिवायची न्हाय. चुकलं की म्या वरडायचे, म्हणून. ल्हान हुती तवाबी मी भाईर गेले की शिवून ठिवायची. पयल्यांदा ओळी दिसल्या तवा मला कळलं. तीस वर्सं झाली. काम नसलं तरी मी भाईर जायची. कट्ट्यावर बसायची, देवळात बसायची. कवा फटीतनं बी बघितलं न्हाय. वाटायचं, बघितलं तर यायची न्हाय."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"दिसली का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. फक्त वाकळ सपाट झाली. सुरकुती गेली."

"हातानं सारखी केल्यावानी?"

"हो."

त्यांचा चेहरा... मला लिहिता येत नाही. "आदी वाकळ सारखी करायची, मग दोरा," म्हणाल्या. "म्याच शिकवलतं." आणि मग, "दावा मला ते."

"पुसलं मी. सगळं पुसलं."

"आन् तुमी बघितलं ते? ते कसं पुसणार?"

सुनीता उठून बाहेर गेली. मी तिथंच बसून राहिलो. मावशींनी चहाला विचारलं नाही; लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच.

कंपनीला मी मेल लिहिलं, की हे डिझाइन माझं नाही, परत द्या. उत्तर आलं: हक्क आमचे आहेत, आणि चित्रकाराचं नाव आम्ही कुठंच छापत नाही, तेव्हा बदलायचं काही नाही. बाकीची डिझाइन मी साइटवरून काढून टाकली. त्या डिझाइनची मूळ वाकळ तर ज्यांची होती त्यांनी तेव्हाच नेली, पुण्याकडं कुठंतरी. म्हणजे त्या ओळी आता माझ्या कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत उरल्यात, आणि ती फाइलही माझी नाही.

हे सुनीतानं मावशींना सांगितलं असणार. एका दुपारी दोघी एसटीनं जळकोटला आल्या. मावशी माझ्या दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दावा."

मी फाइल उघडली. पडदाभर टाके. मावशींनी चष्मा लावला आणि बोट टेकवून ओळीवरून फिरवायला लागल्या. "मोटं करा... आणिक. हितं थांबा." मधेच पुटपुटायच्या, "ही माजी. ही तिची. ही तिची, बघ कशी वाकडी गेली, घाई, लई घाई पोरीला." सुनीता मागं उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती. एक गिऱ्हाईक येऊन दारातूनच परत गेलं.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. मध्याच्या जवळ येऊन बोट थांबलं.

"ही कुनाची?"

"कुठली?"

"ही. माजी न्हाय. तिची बी न्हाय. हिच्यात जीव न्हाय."

मी बघितलं. तिथं मावशीचा हात आड आला होता, टाके दिसत नव्हते, म्हणून ती एक ओळ मी माउसनं अंदाजानं भरली होती. शेकडो ओळींत एक. मला स्वतःला शोधायला सांगितली असती तर सापडली नसती.

"ती माझी, मावशी."

त्यांनी चष्मा काढला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"मग तेवढ्याला तुमचं नाव लावा," म्हणाल्या, आणि सुनीताचा हात धरून उठल्या.

इंजिनिअर मित्राला मी नावं न सांगता विचारलं होतं. तो म्हणाला, स्वस्तातले कॅमेरे अधूनमधून झोपतात, मधलं रेकॉर्ड झालं नसेल. असेलही. पण मग कुलूपबंद खोलीत शिवलं कुणी, आणि डाव्या हातानं का, हे त्याला विचारलं तर तो माझ्याकडंच बघायला लागला.

सुनीता महिन्यातून दोनदा सास्तूरला जाते. मी तिला स्टँडवर सोडतो आणि दुकानात येऊन बसतो. मागच्या खेपेला ती जाताना पिशवीत दोऱ्याची रिळं घेऊन गेली. कुणी मागवली, कशाला, पलीकडच्या बाजूला काही उमटलं का... ती सांगत नाही. मी विचारत नाही.