कमानीचा विचार

भंडाऱ्याची नोकरी संपवून गावी आलो आणि महिन्याभरात विहार समितीचा सचिव झालो. अक्षर चांगलं असल्याची शिक्षा.

अध्यक्षांना गावाच्या तोंडाशी कमान हवी होती. मला विहारामागे अभ्यासिकेची एक खोली हवी होती. माझी पुतणी आणि आणखी पाच मुली भरती परीक्षेचा अभ्यास विहारात करत. गावात पंखा आणि शांतता एकत्र मिळण्याची तेवढीच जागा. पण सभाही तिथेच, आणि दिवसाआड. सभा म्हटली की मुली पुस्तकं उचलून बाहेर. आत आम्ही कमानीवर सिंह हवेत की हत्ती, अध्यक्षांचं नाव कोणत्या रंगात, यावर तासन्‌तास बोलायचो.

एकदा मी खोलीचा विषय काढला. लगेच हात वर करून मत घ्यायचं ठरलं. मी म्हटलं, आठ दिवस थांबू, शांत डोक्याने विचार करू.

"विचार कायले पाहिजे, बाबूजी?" अध्यक्ष म्हणाले. "कमान आहे, पोरीचं लग्न नाही."

"मले पाहिजे," मी म्हटलं आणि वही काखेत मारून घरी आलो.

पहिले दोन दिवस विचार झालाच नाही, मी नुसता चिडलो. मनातल्या मनात अध्यक्षांशी भांडलो आणि दर वेळी जिंकलो. तिसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो, तर एक सदस्य शेजारच्या गावच्या कमानीचे फोटो मोबाइलवर दाखवायला तिथे हजर. चौथ्या दिवशी मी फोन बंद करून घरातच बसलो.

सहाव्या दिवशी पुतणी आली.

"मोठे बाबा, सभा बंद झाल्या का? आमचं अर्धं गणित झालं ना."

सभेची सूचना सचिवानेच काढायची, हा नियम अध्यक्षांनीच करून घेतला होता. सूचनेत त्यांच्या नावामागे तीन विशेषणं लागत. मी थांबलो म्हणून सभा थांबल्या होत्या. मुलींना खोली हवी होतीच, पण त्याआधी आम्ही नको होतो. एवढं कळायला मला सहा दिवस लागले. परीक्षा कधी आहे, ते मी तिला विचारून घेतलं.

नवव्या दिवशी सकाळीच अध्यक्ष दारात.

"झाला का विचार?"

"करून राहिलो," मी म्हटलं. "अजून सात आठवडे लागतील."