चौदा आऱ्यांचं चाक आणि एका वेस्टर्न मालिकेचा शेवट

घरामागची शेड, आठ बाय पाच मीटर. एकही खिळा न मारलेला सागवानी देव्हारा. बायकोचं, म्हणजे शुभदाचं पोळपाट, जे सोळा वर्षांत एकदाही डुगडुगलेलं नाही. मुलीचा झोपाळा, ती आता क्लेटनला युनिव्हर्सिटीत आहे आणि झोपाळ्यावर कुंड्या आहेत, पण कड्या अजून करकरत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीसाठी एक बैलगाडी, जी बैल न मिळाल्यामुळे डँडेनॉन्गच्या आठ आयटीवाल्यांनी ओढली. आणि घोडागाडीची चार चाकं. मागची दोन चौदा आऱ्यांची, पुढची दोन बारा आऱ्यांची.

हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कोणी शिकवलं नाही. सुतारकामाचं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. मी एका कारखान्यात मशीन दुरुस्त करतो.

हा लेख त्या चार चाकांबद्दल आणि आम्ही मे महिन्यात केलेल्या प्रवासाबद्दल आहे. मिरवणुकीतल्या बैलगाडीचा फोटो फिरत फिरत एका टीव्ही मालिकेच्या लोकांपर्यंत गेला आणि त्यांनी मला चाकांचं काम दिलं. मालिका वेस्टर्न: शेरीफ, घोडे, दरोडेखोर. गोष्ट अमेरिकेत घडते, शूटिंग मात्र क्वीन्सलंडमध्ये, टूवूंबाच्या पश्चिमेला दोन तासांवर, एका गुरांच्या रानात. म्हणून गमची, म्हणजे इथल्या निलगिरीची, झाडं कधी चौकटीत येऊ देत नाहीत. एकदा अंत्ययात्रेच्या प्रसंगात मागून कांगारू उड्या मारत गेला होता, तो पुसायला म्हणे दोन दिवस लागले. अकरा सीझन चालली. त्यातले नऊ सीझन शेरीफची गाडी माझ्या चाकांवर धावली. शेवटचा भाग गेल्या रविवारी लागला, म्हणून आता लिहायला मोकळा झालो. नाव लिहीत नाही, बघणाऱ्यांना कळेलच.

एप्रिलमध्ये ईमेल आला. मालिका संपते आहे. शेवटच्या प्रसंगात शेरीफची गाडी भर रस्त्यात कोसळते. मागचं डावं चाक मोडतं. तर तू ये, आणि त्या चाकाचे चार आरे करवतीने अर्ध्यापर्यंत कापून ठेव, म्हणजे ते कॅमेऱ्यासमोर वेळेवर मोडेल. विमानाचं तिकीट आम्ही देतो.

मी उत्तर लिहिलं, "येतो." कापतो असं लिहिलं नाही, कापत नाही असंही नाही. विमान नाकारलं, कारण माझी हत्यारं विमानात जात नाहीत. शुभदा एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत काम करते. तिने सुट्टी टाकली आणि म्हणाली, "तुला एकट्याला सोडलं तर तू तिथे भांडशील."

पहिला दिवस: डँडेनॉन्ग ते वेस्ट वायलॉन्ग

सकाळी सहाला निघालो. ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: ह्यूम फ्रीवेने सीमोर, तिथून शेपार्टन, टोकमवाल, आणि मग न्यूवेल हायवे, जो तुम्हाला जवळजवळ क्वीन्सलंडपर्यंत सोडत नाही. पहिल्या दिवशी साडेपाचशे किलोमीटर पुरे. रस्ता सरळ आणि चांगला, पण बहुतेक ठिकाणी जायला एक आणि यायला एकच लेन, आणि समोरून रोड ट्रेन येतात, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले ट्रक. ओव्हरटेक फक्त ओव्हरटेकिंग लेनमध्ये करा. घाई असली तरी.

मला घाई होती. कसली, ते सांगता येत नव्हतं. हत्यारांची पेटी टपावर बांधली होती, आणि प्रत्येक थांब्यावर मी उतरून रूफ रॅकचा पट्टा तपासत होतो.

"अरे, शेपार्टनला बघितलास, जेरिल्डेरीला बघितलास," शुभदा म्हणाली. "त्या पट्ट्याला काही झालेलं नाही. तुला झालंय."

"वाऱ्याने सैल होतो."

"बरं. मग वाऱ्याला सांग, मला चहा हवाय."

डबा घरचा होता: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची. शाकाहारी असाल तर डबा न्याच. रोडहाउसमध्ये आम्हाला चिप्स आणि चीज टोस्टीच्या पलीकडे काही मिळालं नाही. मोटेल एकशे पस्तीस डॉलर, स्वच्छ. कपाटाचं दार तिरकं लागत होतं. बिजागरीचा एक स्क्रू ढिला होता, तो मी आवळला.

दुसरा दिवस: नॅराब्रायपर्यंत

फोर्ब्स, पार्क्स, डबो. डबोला लोक प्राणिसंग्रहालय बघायला थांबतात. आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. गिलगँड्रानंतर रस्ता चढत जातो, कूनाबॅराब्रनला डोंगर दिसतात, फार सुंदर आहेत असं शुभदा म्हणाली. मी स्पीडोमीटर बघत होतो.

नॅराब्रायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. कापूस. वेचणी होऊन गेलेली, ट्रकमधून उडालेले पुंजके गवतात अडकलेले. शुभदा जळगावची. ती गाडी थांबवायला लावून खाली उतरली, मूठभर कापूस उचलला, सरकी काढून बोटांनी धागा ओढून बघितला.

"लांब आहे रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तू ते चाक कापणार आहेस का?"

"माहीत नाही."

"नको असेल तर नाही म्हण. फोनवर म्हणायचं होतंस. सतराशे किलोमीटर जाऊन काय नाही म्हणायचं?"

"मला ते आधी बघायचंय."

"चाक तर चाक, बघायचं काय त्यात?"

ज्याने कधी काही बनवलं नाही त्यालाच असा प्रश्न पडतो, असं मी म्हणालो. तिने धागा पर्समध्ये ठेवला आणि गाडीत जाऊन बसली. ते वाक्य चुकलंच. तिने माणसं उभी केली आहेत, मी लाकूड.

तिसरा दिवस: टूवूंबा

मोरी, गुंडिविंडी, मग गोअर हायवे. टूवूंबा उंचावर आहे आणि मे महिन्यात बोचरी थंडी असते, स्वेटर न्या. गाडी असेल तरच इथे या. बसच्या भरवशावर राहू नका. मुक्काम सुधीर आणि मेघाकडे. सुधीर पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलमध्ये काम करतो आणि मालिकेचा भक्त आहे.

"मालिका का संपली सांगू?" तो जेवताना म्हणाला. "त्यांनी ती शाळामास्तरीण मारली ना, तेव्हाच संपली."

"काहीही! घोडे म्हातारे झाले," मेघा म्हणाली. "आमच्या गल्लीतली बाई तिथे घोड्यांकडे असते. तीच म्हणाली."

"आणि कुंकवाचं खरं आहे का?" सुधीरने विचारलं.

खरं आहे. नवीन वस्तू हातावेगळी करताना तिला हळदकुंकू लावायचं, हे मी देव्हाऱ्यालाही केलं आणि चाकांनाही. मागच्या डाव्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गोल लाकडावर, ते पुसायचं राहिलं आणि चाकं तशीच रवाना झाली. पहिल्याच प्रसंगात जवळून शॉट, तुंब्यावर लाल ठिपका. प्रेक्षकांनी लगेच अर्थ लावले: गोळी लागल्याचा डाग, शेरीफच्या भावाचं रक्त. पुढच्या आठवड्यात मालिकेचं सामान सांभाळणाऱ्या बाईंचा फोन: "या लाल रंगाचा शेड नंबर काय?" कारण एकदा दिसलं की प्रत्येक भागात दिसायला हवं. मी फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून कुंकवाच्या सहा डब्या घेऊन पोस्टाने पाठवल्या. दरवर्षी पाठवत होतो.

चौथा आणि पाचवा दिवस: सेट

डॅल्बीच्या पुढे डांबर संपतं. शेवटचे बावीस किलोमीटर कच्चा रस्ता. साधी कार चालेल, पाऊस झाला असेल तर नाही. फोनला रेंज नाही. फाटकातून आत गेलं की अचानक अमेरिका: एक रस्ता, बँक, दारूचा गुत्ता, तुरुंग. सगळ्या भिंतींना फक्त पुढची बाजू.

गाडी शेडमध्ये होती. मी मागचं डावं चाक हलवलं आणि ते वाजलं.

नऊ वर्षं कोरड्या हवेत उभं. लाकूड आकसलं होतं आणि लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी, इतकी सैल की मधे सुरी जावी. माझं चाक, आणि सुक्या नारळासारखं खुळखुळत होतं. मला लाज वाटली. खरंच, कान गरम झाले.

सेटचा सुतार ग्लेन आला. दाढीवाला, सत्तरीकडे झुकलेला. "बरं झालं ना, मेट? अर्धं काम झालंच आहे. थोडी करवत लाव, संपलं."

"मी करवत लावणार नाही," मी म्हणालो. इतक्या सहज तोंडातून गेलं की मलाच आश्चर्य वाटलं.

ग्लेनने खांदे उडवले. "नो वरीज. मग मी लावेन. शूट परवा आहे."

त्यानंतर मी जे केलं ते मला करायचंच होतं असं नाही. हात स्वस्थ बसेनात. लहानपणी वाईला उन्हाळ्यात गाडीवाले बैलगाडी थेट कृष्णेच्या पाण्यात उभी करायचे. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि धाव घट्ट बसते. शेडमागे गुरांचा पाण्याचा हौद होता. मी चाक काढलं आणि त्यात टाकलं. दर तीन तासांनी फिरवत राहिलो, दीड दिवस.

"उद्या त्याला कापणार," शुभदा हौदाच्या काठावर बसून म्हणाली, "आणि तू त्याला पाणी पाजतोयस."

"खुळखुळ्या चाकावर मालिका संपवायची नाही."

"मग त्यांना सांग, की तू ते घट्ट केलंयस."

मी सांगितलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे माझ्याबद्दल वेगळं बोललं गेलं. प्रॉडक्शन सांभाळणारी हॅरिएट आहे, तिला मी स्पष्ट सांगितलं की चाक आता पहिल्यासारखं घट्ट आहे. ती फोनवर होती. "ग्रेट, थँक्स," म्हणाली.

सहावा दिवस: शेवट

ग्लेनने चार आरे अर्ध्यापर्यंत कापले. मी तिकडे पाठ करून उभा होतो, पण करवतीचा आवाज ऐकून सांगत होतो, "आता ओल्या लाकडात गेली." शुभदाने माझी बाही धरून ठेवली होती.

शेरीफचं काम करणारा नट एकाहत्तर वर्षांचा. सगळे त्याला बॉस म्हणतात. मालिका खरी कशामुळे संपली ते मला त्याच्याकडून कळलं, चहाच्या टेबलावर. विमा कंपनीने तीन वर्षांपूर्वीच त्याला गाडीच्या उंच बाकावर बसायला मनाई केली. तेव्हापासून दुरून दिसतो तो दुसराच माणूस. "लोकांना पाठ ओळखता येते," तो म्हणाला. "मला पत्रं यायला लागली, तो कोण आहे? मीच म्हणालो, बास करा." आज शेवटचा शॉट म्हणून हट्टाने परवानगी मिळवली होती: घोड्यांच्या संथ चालीवर फक्त चाळीस मीटर, मग गाडी थांबवून तो उतरणार आणि कोसळताना दुसरा बसणार.

त्याचे चाळीस मीटर झाले. तो उतरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरा माणूस बसला आणि गाडी जोरात सोडली. डावं चाक खड्ड्यात गेलं, बाहेर आलं आणि पुढे गेलं.

मोडलं नाही.

पुन्हा. खड्डा मोठा केला. मोडलं नाही. ग्लेनने आणखी दोन आरे कापले. तिसऱ्यांदा चाक खड्ड्यावरून उडालं, आपटलं, आणि फुगलेलं लाकूड धावेच्या विळख्यात तसंच घट्ट राहिलं. लाल ठिपका गरगरत रस्त्याच्या टोकाला गेला. सूर्य टेकडीला टेकला. हॅरिएट माझ्याकडे बघत होती. शुभदाच्या नखांनी माझ्या हाताला खुणा पडल्या होत्या.

बॉस पुढे आला. दिग्दर्शकाला म्हणाला, "त्याला जायचं नाहीये खाली. जाऊ दे ना तसंच पुढे." मग हॅरिएटला, "मला वर चढवा. विम्याला काय सांगायचं ते उद्या सांगा."

चौघांनी त्याला बाकावर चढवलं. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. सहा आरे कापलेलं चाक होतं आणि वर एकाहत्तर वर्षांचा माणूस. मी धावत जाऊन म्हणालो, "पावलापावलाने चालवा. चालीवर धरेल, धावण्याची खात्री मी देत नाही."

"चालीवर," तो म्हणाला.

गाडी हळूहळू गावाबाहेर गेली. गावाबाहेर गमची झाडं होती. त्या दिवशी कोणी त्यांना चौकटीबाहेर ठेवलं नाही. तुम्ही रविवारी बघितला तो शेवट हाच.

घरी

परत येताना तोच रस्ता, चार दिवस. मी पट्टा दोनदाच तपासला. एकूण साडेतीन हजार किलोमीटरच्या वर, पेट्रोल आणि मोटेल धरून अंदाजे सोळाशे डॉलर. जायचं तर मे-जूनमध्ये जा, इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नको.

काय राहिलं? मुलगी म्हणते, "बाबा, यू रुइन्ड देअर एंडिंग अँड मेड इट बेटर." मला तसं अभिमानाने म्हणता येत नाही. मी घट्ट केलं म्हणून एक म्हातारा कापलेल्या चाकावर बसला, आणि गाडी गावाबाहेर जाईपर्यंतचे ते चाळीस सेकंद मला अजून आठवतात. शुभदाला मात्र कापसाचा धागा आठवतो. न्यूवेलवर तिला मी म्हणालो होतो ते वाक्य मी घरी परत घेतलं. ती म्हणाली, "घेतलंस ना, मग पट्टे नको तपासूस."

तीन आठवड्यांनी हॅरिएटचा फोन आला होता. वरच्या लोकांना मूळ शेवटच हवा होता. बॉस नको, घोडे नको, फक्त चाकाचा जवळून शॉट, तुंब्यावर लाल ठिपका आणि मोडणारे आरे. तसंच नवीन चाक बनव, पण पहिल्या धक्क्याला मोडणारं. लाकूड, भाडं, सगळं त्यांचं. मजुरी बारा हजार डॉलर. मी नाही म्हणालो.