दुसऱ्या भट्टीचा खवा

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

वाशीजवळच्या एका खव्याच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. खवा तळहातावर चोळून वास घ्यायचा, शंका आली की माल थांबवायचा, हे मला मालकांनीच शिकवलं. "ताई, तुमचा शब्द शेवटचा," असं म्हणायचे.

आज सकाळी एका भट्टीच्या खव्याला आंबूस वास आला. मी माल थांबवला. मालकांनी स्वतः चोळून बघितला, हात रुमालाला पुसला अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "काय न्हाय होत. भरा गाडी."

गाडी गेली.

दुपारी हळूच जवळ आले. "ताई, घरी पाहुणे यायलेत. थोडा खवा बांधून द्या. दुसऱ्या भट्टीचा."

म्हणजे वास त्यांनाही आला होता!

तुमच्या साहेबांच्या घरी कुठला माल जातो, कधी बघितलंय का?